व्लॉगसाठी छोटा कॅमेरा निवडताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

माझा फोन चांगला आहे. मग वेगळा कॅमेरा घ्यायचाच कशाला?

कदाचित नकोच. फोन स्टँडवर ठेवला, मागचा कॅमेरा वापरला, उजेड बरा असला आणि कॉलरला माईक लावला, तर तो व्हिडिओ कशाने काढलाय हे बघणाऱ्याला कळतही नाही. अडचण सुरू होते ती फोन स्वतःकडे वळवल्यावर. स्वतःला बघता यावं म्हणून पुढचा कॅमेरा वापरावा लागतो आणि त्याचा सेन्सर, म्हणजे प्रकाश टिपणारी चिप, मागच्यापेक्षा बराच लहान असतो. दिवेलागणीनंतर घरात शूट करा, चेहरा रंग फासल्यासारखा सपाट दिसायला लागतो.

दुसरं कारण तांत्रिक नाही. शूट चालू असताना फोन वाजतो, मेसेज टपकतात, जागा संपते, आणि संध्याकाळी घरी कळवायला बॅटरी उरत नाही. माझ्या लेखी वेगळ्या कॅमेऱ्याचा सगळ्यात मोठा फायदा हाच की ते यंत्र एकाच कामासाठी असतं. हे दोन्ही त्रास तुम्हाला होत नसतील, तर आधी माईक आणि एक दिवा घ्या. कॅमेरा नंतर.

स्पेसिफिकेशन वाचून डोकं गरगरलंय. सुरुवात कुठून करू?

तक्ते मिटून ठेवा आणि एकच गोष्ट ठरवा: कॅमेरा धरणार कोण? तुमचा स्वतःचा हात, टेबलावरचा ट्रायपॉड, की दुसरं कुणी?

स्वतः हातात धरून चालत बोलायचं असेल, तर लेन्स रुंद हवी, वजन कमी हवं आणि हादरे आवरण्याची सोय हवी. टेबलावर ठेवून रेसिपी, रिव्ह्यू किंवा शिकवणी करायची असेल, तर यातलं काहीच फारसं लागत नाही. तिथे कॅमेरा तासभर न तापता चालला पाहिजे, चार्जर लावून शूट करता आलं पाहिजे आणि जवळच्या वस्तूवर फोकस पटकन गेला पाहिजे. दुसरं कुणी शूट करणार असेल, तर वळणाऱ्या स्क्रीनचं महत्त्व कमी होतं आणि झूम कामाला येतो. ‘सगळ्यात चांगला व्लॉगिंग कॅमेरा’ शोधताना लोक गोंधळतात, कारण यादी करणाऱ्याच्या मनात यातला एक माणूस असतो आणि वाचणारा दुसराच असतो.

स्वतः हातात धरून शूट करायचं तर लेन्स किती रुंद हवी?

इथे जरा थांबू, कारण सगळ्यात जास्त लोक याच बाबतीत फसतात.

कॅमेऱ्याच्या माहितीत ‘२४-७० मिमी समतुल्य’ असं काहीतरी लिहिलेलं असतं. त्यातला पहिला, लहान आकडा बघा; तो जितका लहान, तितकी लेन्स रुंद. आता सोपं गणित: चेहरा कॅमेऱ्यापासून जितका लांब, त्या अंतराला ३६ ने गुणा आणि त्या आकड्याने भागा. तेवढी रुंदी फ्रेममध्ये मावते. हात लांब केल्यावर चेहऱ्यापासून लेन्स साधारण ६० सेंटीमीटरवर असते. म्हणजे २४ मिमीला रुंदी ९० सेंटीमीटर आणि आडव्या व्हिडिओत उंची जेमतेम ५०. चेहराच २०-२५ सेंटीमीटरचा, म्हणजे फ्रेमची निम्मी उंची तोंडाने भरली. मागे कुठे उभे आहात ते दाखवायचं होतं, ते खांद्यांमागे लपलं.

त्यावर आणखी एक चिमटा आहे. हादरे कमी करण्याची इलेक्ट्रॉनिक सोय चालू केली की कॅमेरा चित्राच्या कडा कापतो. २४ मिमीची लेन्स मग ३० मिमीसारखी वागायला लागते, रुंदी ७२ सेंटीमीटरवर येते आणि तुम्ही हात आणखी ताणायला लागता. सोनीचा झेडव्ही-१ हा २०२० चा कॅमेरा व्लॉगिंगसाठी म्हणूनच आला आणि तो खरोखर चांगला आहे, पण त्याच्याबद्दलची नेहमीची तक्रार हीच होती. २०२३ च्या झेडव्ही-१ मार्क २ मध्ये सोनीने लेन्स १८ मिमीपासून सुरू केली ती उगाच नाही. १८ मिमीला त्याच हाताच्या अंतरावर १२० सेंटीमीटर मावतं. कडा कापल्या तरी श्वास घ्यायला जागा उरते.

म्हणून माझा ठोकताळा: हातात धरायचा असेल तर २० मिमी किंवा त्याहून कमी. २४ मिमीचाच कॅमेरा आवडला असेल तर छोटा हँडल-ट्रायपॉड सोबत धरा, तेवढ्याने १५-२० सेंटीमीटर मिळतात. पण फार रुंद लेन्सची किंमतही असते: अगदी जवळून नाक मोठं आणि कान मागे गेलेले दिसतात. टेबलावर बसून बोलणाऱ्याने म्हणूनच रुंद लेन्सच्या मागे लागू नये. ३५ ते ५० मिमीला चेहरा जास्त खरा दिसतो, फक्त कॅमेरा दूर ठेवायला खोलीत जागा हवी.

‘एक इंच सेन्सर’ खरंच एक इंचाचा असतो का?

नाही. तो १३.२ × ८.८ मिलिमीटर असतो, म्हणजे तिरका मोजला तरी १६ मिलिमीटरच्या आतच. हे नाव जुन्या टीव्ही कॅमेऱ्यांतल्या काचेच्या नळ्यांवरून आलंय. त्या काळी नळीचा बाहेरचा व्यास सांगायची पद्धत होती आणि चित्र उमटणारा भाग त्याच्या दोन तृतीयांशाच्या आसपास असायचा. नळ्या गेल्या, मापं तशीच राहिली.

तरीही खिशात मावणाऱ्या कॅमेऱ्यांत हा आकार गेली अनेक वर्षं सोयीचा ठरलाय. सोनीच्या पहिल्या आरएक्स१०० ने २०१२ मध्ये तो लोकप्रिय केला. एपीएस-सी नावाच्या मोठ्या सेन्सरचं क्षेत्रफळ याच्या तिप्पट असतं, पण तिथे लेन्सही तशीच मोठी लागते. अलीकडे काही फोनमध्येही एक इंची सेन्सर आलेत, अर्थात मागच्या बाजूला. पुढे नाहीत.

सेन्सरसोबत लेन्सचा एफ आकडाही बघा. एफ/१.८ म्हणजे भोक मोठं, प्रकाश जास्त. ‘एफ/१.८-४’ असं लिहिलं असेल तर १.८ फक्त रुंद टोकाला मिळतो, झूम केला की ४ पर्यंत घसरतो. ४ ला प्रकाश पाचपट कमी. संध्याकाळी झूम वापरल्यावर चित्रात दाणे का आले, याचं उत्तर बहुतेक वेळा इथे असतं.

फोकस सगळ्यांचाच आपोआप होतो ना? त्यात काय बघायचं?

होतो, पण कसा होतो ते बघा. ‘कॉन्ट्रास्ट’ पद्धतीचा कॅमेरा लेन्स थोडी पुढेमागे करून चाचपडत स्पष्ट जागा शोधतो; ‘फेज डिटेक्शन’वाल्याला फोकस कुठल्या दिशेला आणि किती चुकलाय हे लगेच कळतं. फोटोत हा फरक जाणवत नाही. व्हिडिओत ते चाचपडणं रेकॉर्ड होतं: मागची भिंत क्षणभर ‘श्वास’ घेतल्यासारखी हलते. कॅननचा जी७ एक्स मार्क ३ व्लॉगर मंडळींचा लाडका आहे, रंग सुरेख देतो, पण त्याचा फोकस कॉन्ट्रास्ट पद्धतीचा आहे. सोनीच्या झेडव्ही-१एफचंही तसंच. साध्या झेडव्ही-१ मध्ये मात्र फेज डिटेक्शन आहे.

वस्तू हातात धरून कॅमेऱ्यापुढे दाखवणाऱ्यांसाठी झेडव्ही मालिकेत ‘प्रॉडक्ट शोकेस’ नावाची सोय आहे. ती चालू असली की फोकस चेहरा सोडून वस्तूवर जातो आणि वस्तू खाली घेतली की परत येतो. ही सोय नसलेल्या कॅमेऱ्यापुढे लोक वस्तूमागे तळहात धरतात, तो याचसाठी. जुगाड आहे, पण चालतो.

चालताना चित्र हलू नये म्हणून काय लागतं?

तीन प्रकार आहेत. लेन्समधली काच सरकवून हादरे जिरवणं, सॉफ्टवेअरने कडा कापून चित्र जागेवर ठेवणं, आणि गिंबल, म्हणजे मोटारींवर तोललेला कॅमेरा. पहिला प्रकार उभं राहून बोलण्यापुरता. दुसरा चालण्याला बरा, पण वर सांगितलं तशी रुंदी खातो, आणि संध्याकाळी पावलागणिक चित्र क्षणभर धूसर होतं, ते वेगळंच. झेडव्ही-१एफ आणि झेडव्ही-१ मार्क २ मध्ये फक्त हा दुसराच प्रकार आहे, हे खोक्यावर ठळकपणे लिहिलेलं नसतं.

चालत बोलणं हाच तुमचा मुख्य प्रकार असेल तर गिंबलला तोड नाही. डीजेआयचा ऑस्मो पॉकेट ३ एक इंची सेन्सर, २० मिमी लेन्स आणि तीन अक्षांचा गिंबल घेऊन १७९ ग्रॅममध्ये बसतो. मात्र गिंबल कॅमेऱ्याचं कलणं-वळणं थांबवतो, वरखाली होणं नाही. टाच आपटत चाललात तर चित्र बोटीत बसल्यासारखं डुलतं. गुडघे किंचित वाकवून, पाऊल टाचेकडून बोटांकडे अलगद टेकवत चालायची सवय करा. चार दिवस विचित्र वाटतं. मग अंगवळणी पडतं.

आवाजासाठी वेगळा माईक घ्यावाच लागतो का?

घ्यावाच. इथे मी अजिबात मवाळ नाही.

चित्र जरा दाणेदार असलं तर लोक बघतात. बोललेलं कळलं नाही तर दहाव्या सेकंदाला निघून जातात. कॅमेऱ्याच्या अंगच्या माईकची अडचण त्याच्या दर्जाची कमी आणि अंतराची जास्त आहे. माईकपासूनचं अंतर दुप्पट झालं की आवाज ६ डेसिबलने उतरतो, खोलीचा घुमा आणि पंख्याची घरघर मात्र तेवढीच राहते. हाताच्या अंतरावरच्या कॅमेऱ्यापेक्षा कॉलरवरचा माईक चौपट जवळ असतो, म्हणजे सरळ १२ डेसिबलचा फायदा. कॅमेरा टेबलापलीकडे दीड-दोन मीटरवर असेल तर फरक याहून मोठा. एवढी भरपाई कुठलंही सॉफ्टवेअर प्रामाणिकपणे करून देत नाही.

म्हणून कॅमेऱ्याला ३.५ मिमीचं माईक-सॉकेट आहे का, हे आधी पाहा. नसेल तर वायरलेस माईक थेट जोडता येतो का? ऑस्मो पॉकेट ३ च्या अंगावर हे सॉकेट नाही, पण त्याच कंपनीचा वायरलेस माईक त्याला थेट जोडता येतो. सॉकेट असलं तरी वरती माईक अडकवायची पट्टी असेलच असं नाही: जी७ एक्स मार्क ३ ला सॉकेट आहे, ती पट्टी नाही, त्यामुळे वेगळी ब्रॅकेट लावावी लागते आणि खिशात मावणारा कॅमेरा मग खिशात मावत नाही.

एक बारीक गोष्ट, जिच्यावर मी आख्खी दुपार घालवली आहे. फोनसाठीचा कॉलर माईक कॅमेऱ्याला लावला की कधी आवाजच येत नाही, कधी फक्त खरखर येते. पिनवरच्या आडव्या कड्या मोजा: तीन असतील तर ती फोनची, दोन असतील तर कॅमेऱ्याची. मधला छोटा जोड लावला की काम होतं.

बाहेर शूट करत असाल तर माईकवर केसाळ टोपी हवी. वाऱ्याची धडधड नंतर काढता येत नाही. आणि कॅमेऱ्यातली ‘ऑटो’ आवाजपातळी बंद करून ती हाताने ठेवा, सर्वात मोठं बोलणं उणे १२ डेसिबलच्या आसपास पोचेल अशी. ऑटोवर ठेवली तर तुम्ही बोलायचं थांबलात की कॅमेरा शांतता मोठी करून ऐकवतो आणि दर वाक्याआधी ‘हिस्स’ असा आवाज येतो.

स्क्रीन वर उघडणारी चांगली की बाजूला?

बाजूला. वर उघडणारी स्क्रीन माईकच्या आड येते. फक्त बाजूच्या स्क्रीनकडे बघत बोलायची सवय लागू देऊ नका. नजर लेन्सच्या बाजूला गेलेली प्रेक्षकाला लगेच कळते. लेन्सजवळ रंगीत टिकली चिकटवा.

४के लागतंच का?

लागत नाही, पण असलेलं बरं. एडिट करताना चित्र थोडं जवळ घेता येतं, एकाच शॉटमधून दोन फ्रेम काढता येतात. त्याची किंमत जागेत मोजावी लागते. सेकंदाला १०० मेगाबिटच्या ४के रेकॉर्डिंगला मिनिटाला ७५० मेगाबाइट, तासाला ४५ गिगाबाइट लागतात. ६४ गिगाबाइटचं कार्ड दीड तासाच्या आत भरतं. कार्डावर ‘व्ही३०’ लिहिलेलं असावं, म्हणजे ते सेकंदाला किमान ३० मेगाबाइट सलग लिहितं. १०० मेगाबिट म्हणजे साडेबारा मेगाबाइटच, त्यामुळे एवढं पुरून उरतं.

लॅपटॉप जुना असेल तर ४के एडिट करताना तो रडकुंडीला येतो. अशा वेळी १०८० पी (फुल एचडी) मध्ये शूट करायला लाजू नका.

उन्हात चित्र विचित्र, तुटक हलतं. कॅमेरा बिघडलाय का?

नाही, त्याला उजेड जास्त झालाय. सेकंदाला २५ फ्रेमचा व्हिडिओ नैसर्गिक दिसण्यासाठी शटर, म्हणजे प्रत्येक फ्रेमला प्रकाश घेण्याचा वेळ, १/५० सेकंदाच्या आसपास लागतं. भर उन्हात, आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) १०० वर, एफ/२.८ ला एवढं उघडं शटर ठेवलं तर चित्र ६४ पट जास्त उजळेल. मग कॅमेरा शटर १/३००० पर्यंत पळवतो आणि हातवारे झटक्याझटक्याने दिसतात. उपाय म्हणजे एनडी फिल्टर, लेन्सचा गॉगलच म्हणा ना. झेडव्ही-१ आणि जी७ एक्स मार्क ३ मध्ये तो आतच आहे, प्रकाश आठव्या हिश्श्यावर आणतो. झेडव्ही-१एफ मध्ये नाही. बाहेर शूट करणाऱ्याने हे नक्की बघावं.

घरात दिव्याखाली पट्टे सरकताना दिसतात, ते का?

विजेच्या प्रवाहासोबत दिवे लुकलुकतात. ५० हर्ट्झची वीज असेल तर शटर १/५० किंवा १/१०० ठेवा, ६० हर्ट्झची असेल तर १/६० किंवा १/१२०. तरीही पट्टे राहिले तर दिवा बदला.

तासभर सलग शूट करता येईल का?

छोट्या अंगात उष्णता जायला जागा नसते, त्यामुळे ४के ला बरेच छोटे कॅमेरे मध्येच बंद पडतात. सोनीच्या मेनूत तापमानामुळे आपोआप बंद होण्याची मर्यादा ‘हाय’ करायची सोय असते. नवा कॅमेरा ‘स्टँडर्ड’वर येतो आणि तो सदोष आहे असं समजून लोक परत करतात. जी७ एक्स मार्क ३ ची ४के क्लिप दहा मिनिटांच्या आत थांबते. कॅननने २०२५ च्या पॉवरशॉट व्ही१ मध्ये चक्क पंखा बसवला, त्यामुळे लांब शूटला तो निवांत आहे. वजन मात्र ४०० ग्रॅमच्या पुढे.

काही जुन्या कॅमेऱ्यांत २९ मिनिटं ५९ सेकंदांची मर्यादा दिसेल. ती तांत्रिक नव्हे, कराची. अर्धा तास किंवा जास्त रेकॉर्ड करणाऱ्या यंत्राला युरोपात व्हिडिओ कॅमेरा धरून वेगळं आयातशुल्क लागायचं, म्हणून कंपन्या एक सेकंद आधी थांबत.

बॅटरीचं म्हणाल तर एकीवर दिवस निघत नाही. दोन जादा ठेवा, किंवा यूएसबीवरून पॉवर घेत शूट करता येतं का ते तपासा. ऑस्मो पॉकेट ३ ची बॅटरी आतच बंद असते, बदलता येत नाही. तिथे पॉवर बँक हाच मार्ग.

रील्स आणि शॉर्ट्ससाठी उभा व्हिडिओ?

कॅमेरा उभा धरला तरी फाइल आडवी निघणारे कॅमेरे अजून आहेत. एडिटमध्ये फिरवता येते, पण रोज तेच करायचं म्हणजे वैताग. ट्रायपॉडचा स्क्रू खाली असतो, बाजूला नाही, हेही लक्षात घ्या. पॉकेट ३ ची स्क्रीन बोटाने फिरवली की व्हिडिओ उभा होतो.

त्यापेक्षा लेन्स बदलता येणारा कॅमेरा का नको?

टेबलावरून शूट करणार असाल आणि पुढेही शिकायची इच्छा असेल, तर जरूर. सोनी झेडव्ही-ई१० सारख्या एपीएस-सी कॅमेऱ्यात मागचं धूसर करणं, रात्रीचं शूट हे सगळं सोपं होतं. पण लेन्स धरून वजन आणि खर्च दोन्ही वाढतात, आणि ‘आज राहू दे, जड आहे’ असं म्हणून घरी राहिलेले असे कॅमेरे मी बरेच पाहिलेत. एक माझाही आहे.

जुना, वापरलेला घेतला तर?

हरकत नाही, पण चार जागा बघा. स्क्रीन पूर्ण उघडून, फिरवून, बंद करून पाहा. आतली चपटी वायर आधी दगा देते, आणि स्क्रीन एका कोनात असतानाच काळी पडते. माईक लावून पिन हलवा, खरखर येते का ऐका. बॅटरी फुगलेली नाही ना? मग पांढऱ्या भिंतीकडे रोखून एफचा आकडा जास्तीत जास्त करा आणि फोटो काढा. काळे ठिपके दिसले तर सेन्सरवर धूळ आहे. लेन्स निघत नसल्यामुळे ती घरी पुसता येत नाही. कॅमेरा उघडावाच लागतो.

घेतल्यावर पहिल्या दिवशी काय करू?

कार्ड कॅमेऱ्यातच फॉरमॅट करा, बीपचा आवाज बंद करा (तो माईकमध्ये येतो), आणि मग घरात दहा मिनिटं बडबड रेकॉर्ड करून ती हेडफोनवर ऐका. मी हे केलं नव्हतं. पहिलं बाहेरचं शूट संपवून घरी आलो तेव्हा कळलं, वायरलेस माईक दिवसभर म्यूट होता.